दोन-दोन कार्बनची दिंडी

तळेगावहून चाकणकडे जाताना रस्त्यात सुदुंबऱ्याचा फाटा लागतो. सुदुंबरे हे मावळातलं गाव. देहू इथून जवळ आहे. या गावात संत संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. संताजी सतराव्या शतकातले, मूळचे चाकणचे. तुकाराम महाराजांचे ते टाळकरी होते आणि महाराजांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले, म्हणून सगळा महाराष्ट्र त्यांचं नाव आदराने घेतो. त्यांच्या घरचा धंदा होता तेलाचा. घाण्यात तीळ घालायचे, बैलाच्या डोळ्यांना झापडं बांधायची, बैल गोल फिरू लागला की लाकडी लाट उखळात फिरायची आणि हळूहळू तेल सुटायचं. संताजींच्या स्वतःच्या अभंगातही हा घाणा आणि हे तीळ येतात.

आता एक प्रश्न. घाण्याने तेल काढलं, हे तर खरंच. पण तेल केलं कुणी? घाणा फक्त दाबतो. तिळात तेल आधीपासून होतं, म्हणून ते बाहेर आलं. मग त्या एवढ्याशा दाण्यात ते आलं कुठून? मुळांनी जमिनीतून ओढलं म्हणावं, तर मातीत तेल नसतं. पावसाच्या पाण्यात नसतं. आणि तरीही तिळाच्या वजनातलं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं असतं!

चला, आज आपण थेट बीच्या आत शिरू.

आधी एक शेंगदाणा उघडा

स्वयंपाकघरातून एक कच्चा शेंगदाणा मागून घ्या. भाजलेला नको. तो तासभर पाण्यात भिजवा आणि लाल साल काढून टाका. दाण्याच्या दोन डाळिंब्या अलगद वेगळ्या करा. टोकाशी काही दिसलं? एका डाळिंबीला एक चिमुकला कोंब चिकटलेला असेल. भिंग असेल तर लावून बघा. कोंबाच्या एका बाजूला टोकदार मूळ आणि दुसऱ्या बाजूला घड्या घातलेली इवली इवली पानं. हे भुईमुगाचं बाळ. अख्खं रोपटं इथे तयार होऊन झोपलेलं आहे.

आणि त्या दोन जाड, पांढऱ्या डाळिंब्या? ती या बाळाची शिदोरी. बाळ उगवून जमिनीच्या वर येईल, त्याची पानं हिरवी होतील आणि ती स्वतःचं अन्न करू लागतील. तोवर त्याने खायचं काय? आईने बांधून दिलेलं! शेंगदाण्यात या शिदोरीचा जवळपास निम्मा भाग तेल आहे.

तेलच का? साखर का नाही, पीठ का नाही? कारण एक ग्रॅम साखरेतून साधारण ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते आणि एक ग्रॅम तेलातून ९. ओझं तेवढंच, ऊर्जा दुपटीहून जास्त. तीळ किंवा मोहरी एवढीशी असते. तिच्यात जागा कमी. थोड्या जागेत जास्त ऊर्जा भरायची तर तेल हवं.

प्रत्येक वनस्पती असं करत नाही बरं का. मावळचा इंद्रायणी तांदूळ घ्या. भाताने आपल्या बाळाला मुख्यतः पिठूळ स्टार्चची शिदोरी दिली. तेल दिलं ते थोडंसंच, तेही दाण्याच्या कोंबात आणि वरच्या थरात. गिरणीत भात पांढरा शुभ्र करताना हा थर कोंड्यात जातो, म्हणून तेल तांदळातून निघत नाही, कोंड्यातून निघतं.

हवेतून आलेला कार्बन

भुईमुगाचं फूल उमलतं जमिनीच्या वर. फूल गळलं की त्या जागेवरून आऱ्या सुटतात, मातीत घुसतात आणि त्यांच्या टोकाला शेंगा धरतात. म्हणजे दाणा भरतो तो अंधारात. तिथे ऊन पोचत नाही. ऊन खातात वरची पानं.

पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतं, मुळांनी पाठवलेलं पाणी घेतं आणि उन्हाच्या जोरावर साखर करतं. हे तुम्ही शाळेत शिकला आहात. ही साखर पाण्यात विरघळून रसवाहिन्यांमधून खाली वाहते आणि आऱ्यांतून थेट वाढत्या दाण्यात पोचते. म्हणजे दाण्याला मिळते ती साखर. तेल तिथे जाऊन तयार होतं, दाण्याच्या एकेका पेशीत.

पेशीत शिरल्यावर साखरेची मोडतोड सुरू होते. सहा कार्बनच्या साखरेचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. मग प्रत्येक तुकड्यातला एक कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. उरते दोन कार्बनची जोडी. तेल बनवायचं ते याच जोडीपासून.

तीनातला एक कार्बन वाया गेला, असं वाटतं ना? मोहरीची भावंडं तोही सोडत नाहीत. मोहरीची कोवळी शेंग उघडली तर आतले दाणे हिरवेगार दिसतात. शेंगेच्या सालीतून झिरपणारा उजेड त्यांना मिळतो. रेपसीड नावाच्या मोहरीच्या भावंडावर संशोधन करणाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिलं, की हे हिरवे दाणे निसटू पाहणारा कार्बन डायऑक्साइड उजेडाच्या मदतीने पुन्हा पकडतात आणि कामाला लावतात. म्हणून तेवढ्याच साखरेतून त्यांचं तेल जास्त होतं. दाणा हिरवा का, याचं हे केवढं मोठं कारण!

दिंडी निघाली

आता खरी गंमत. तेलाचा मुख्य भाग म्हणजे मेदाम्ल. मेदाम्ल म्हणजे कार्बनची लांब साखळी. एकामागे एक कार्बन, प्रत्येकाला हायड्रोजन चिकटलेले आणि साखळीच्या एका टोकाला थोडा ऑक्सिजन. ही साखळी वाढते कशी, ते कळायला देहूहून पंढरपूरला निघालेली दिंडी डोळ्यांसमोर आणा. वाटेतल्या गावागावांतून वारकरी येऊन दिंडीला मिळतात आणि दिंडी लांबत जाते. फक्त आपल्या दिंडीचा एक कडक नियम आहे: एकट्याने यायचं नाही. यायचं ते जोडीनेच.

पहिली जोडी उभी राहते. दुसरी जोडी येते, पण तिच्यासोबत एक तिसराही असतो. पेशीने मुद्दाम त्या जोडीला कार्बन डायऑक्साइडचा एक कार्बन लावून दिलेला असतो. जोडी दिंडीला मिळाली रे मिळाली, की हा तिसरा बाजूला होतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. तो निघून जातो म्हणूनच जोडणी पुढे सरकते आणि मागे फिरत नाही. त्याचं काम पोचवण्यापुरतंच.

नव्या जोडीच्या जागी ऑक्सिजन चिकटून राहिलेला असतो. तो उतरवल्याशिवाय पुढची जोडी येणार नाही. मग आणखी तीन पायऱ्यांत हायड्रोजन चढवला जातो, ऑक्सिजन पाण्याच्या रूपात निघून जातो आणि पुन्हा हायड्रोजन चढतो. जोडणी धरून एकूण चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला वेगळं विकर. विकरं म्हणजे पेशीत रासायनिक कामं घडवून आणणारी प्रथिनं. या सगळ्या वेळात साखळीचं एक टोक एका छोट्या प्रथिनाने धरून ठेवलेलं असतं. ते तिला एका विकराकडून दुसऱ्याकडे नेतं, वाटेत सोडत नाही.

एक फेरी झाली: २ चे ४ कार्बन. दुसरी फेरी: ६. तिसरी: ८. सात फेऱ्या झाल्या की १६. आठ फेऱ्या झाल्या की १८. म्हणूनच बियांच्या तेलात जवळजवळ सगळी मेदाम्लं सम आकड्यांची असतात: १२, १४, १६, १८, २०, २२. सतरा कार्बनचं मेदाम्ल शोधायला गेलात तर औषधालाही मुश्किलीने मिळेल!

हे सगळं घडतं पेशीतल्या लवक नावाच्या भागात. पानात हरितलवक असतात ना, त्यांचीच ही भावंडं. दाणा अंधारात असेल तर ती हिरवी नसतात, एवढाच फरक.

थांबायचं कुठे?

पण दिंडी कधी थांबवायची, हे कोण ठरवतं? त्यासाठीही एक विकर आहे. ते साखळीला धरणाऱ्या प्रथिनापासून सोडवतं. सुटली की साखळीचं वाढणं थांबलं. बहुतेक बियांमध्ये हे विकर १६ किंवा १८ कार्बन झाल्यावरच पुढे येतं. पण नारळाची गोष्ट वेगळी. नारळाचं विकर उतावळं आहे. ते १२ कार्बन झाले की साखळी सोडवतं. म्हणून खोबरेल तेलातली जवळपास निम्मी मेदाम्लं १२ कार्बनच्या लॉरिक आम्लाची असतात. आखूड साखळ्या.

हे खरंच त्या एका विकरावर अवलंबून आहे का? शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं. कॅलिफोर्नियात बे लॉरेल नावाचं झाड आहे. त्याच्याही बियांत १२ कार्बनच्या साखळ्या असतात. १९९० च्या दशकात त्या झाडाचं साखळी सोडवणाऱ्या विकराचं जनुक रेपसीडमध्ये घातलं गेलं. रेपसीडच्या तेलात एरवी लॉरिक आम्ल नसतंच म्हटलं तरी चालेल. या नव्या झाडांच्या बियांत ते भरपूर तयार झालं! एक विकर बदललं आणि तेलाचा स्वभावच बदलला.

ज्यांना अजून पुढे जायचंय

काही बियांना १८ वर समाधान नाही. त्यांच्यासाठी पुढचा मुक्काम आहे. साखळी लवकातून बाहेर पडते आणि पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेत जाते. तिथे विकरांची दुसरी तुकडी बसलेली असते. नियम तोच: तीन येणार, एक निघून जाणार, दोन जोडले जाणार. १८ चे २०, २० चे २२, २२ चे २४.

मोहरी यात सगळ्यांत तरबेज. आपल्याकडची पारंपरिक मोहरी घेतली तर तिच्या तेलातली ४० ते ५० टक्के मेदाम्लं २२ कार्बनच्या इरुसिक आम्लाची असतात. दहा फेऱ्यांची लांबलचक साखळी! इरुसिक आम्ल फार प्रमाणात खाणं बरं नाही, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं. त्यामुळे कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी रेपसीडची अशी वाणं निवडून वाढवली की ज्यांच्यात २० आणि २२ कडे नेणारं विकर कामच करत नाही. साखळी १८ वरच थांबते. कॅनोला तेल म्हणतात ते हेच. भारतातही कमी इरुसिक आम्लाच्या मोहरीची वाणं तयार झाली आहेत.

आपला शेंगदाणाही मागे नाही. शेंगदाण्याच्या तेलात २०, २२ आणि अगदी २४ कार्बनच्या सरळ साखळ्या थोड्या थोड्या असतात. थोड्याच, पण त्या डोळ्यांना दिसतील असं काम करतात. कसं, ते शेवटच्या प्रयोगात बघू.

सरळ की वाकलेली?

लांबी झाली. आता दुसरी गोष्ट: वाक. साखळी सरळ असेल तर शेजारच्या साखळीला ती अगदी खेटून बसते. खूप साखळ्या अशा खेटून बसल्या की तेल घट्ट होतं, थिजतं. पण बीमध्ये आणखी काही विकरं आहेत, जी साखळीच्या मधल्या दोन शेजारी कार्बनांवरून एकेक हायड्रोजन काढून घेतात. तिथे दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध तयार होतो आणि साखळीला वाक पडतो. वाकलेल्या साखळ्या एकमेकींना खेटू शकत नाहीत. मध्ये मोकळी जागा राहते, साखळ्या सुट्या सुट्या हलतात आणि तेल पातळ राहतं.

कोकणातलं कोकमाचं तेल पाहिलंय? त्याला मुठेल म्हणतात. हाताने वळलेले त्याचे घट्ट गोळे मिळतात आणि थंडीत टाचांना भेगा पडल्या की आजी तेच गरम करून लावते. कोकमाच्या बीमध्ये निम्म्याहून अधिक मेदाम्लं १८ कार्बनची आणि सरळ, एकही वाक नसलेली. म्हणून मुठेल उन्हाळ्यातही घट्ट. आता करडईचं तेल बघा. त्यातही साखळ्या बहुतेक १८ कार्बनच्याच! पण चारातल्या तीन साखळ्यांना दोन-दोन वाक. म्हणून ते कडाक्याच्या थंडीतही पातळ. कार्बन तेवढेच, वाक वेगळे, आणि केवढा फरक!

मावळात आणि घाटमाथ्याच्या उतारांवर पिवळ्या फुलांची खुरासणी होते, तिलाच कारळे म्हणतात. तिच्या तेलातही दोन वाकांच्या साखळ्या सर्वांत जास्त. आणि करडईचीच काही वाणं अशीही आहेत, ज्यांच्यात दुसरा वाक पाडणारं विकर नीट काम करत नाही. मग साखळी एकाच वाकावर थांबते. झाड तसंच, काटे तसेच, फूल तसंच. फक्त तेल वेगळं.

तीन वाकांचं जवस

जवसाच्या तेलातल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त साखळ्यांना चक्क तीन-तीन वाक असतात. जितके वाक जास्त, तितक्या जागा हवेतल्या ऑक्सिजनला चिकटायला मिळतात. ऑक्सिजन तिथे चिकटला की शेजारच्या साखळ्या एकमेकींत गुंफल्या जातात आणि तेलाचा वाळून कडक पापुद्रा होतो. क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल का चोळतात, ते आता कळलं? ते लाकडात मुरतं, वाळतं आणि लाकडाचं रक्षण करतं.

तैलरंग वाळतात तेही याच कारणाने. राजा रविवर्मा यांची तैलचित्रं तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या चित्रांच्या प्रती छापणारा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे काही वर्षांतच आपल्या मावळात, लोणावळ्याजवळच्या मळवलीला आला. तिथे दगडावरून छपाई व्हायची. अशा शिळाछपाईच्या शाईतही उकळून दाट केलेलं जवसाचं तेल वापरण्याची रीत होती. घरोघरच्या भिंतींवरच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत चित्रांमागे असं हे जवसाचं बी उभं आहे.

पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी वाढत्या जवसाच्या दाण्यांत हे वाक पाडणारी जनुकं कधी आणि किती काम करतात, याचा अभ्यास केला आहे. म्हणजे तुमच्या आवडीच्या जवसाच्या चटणीचंही शास्त्र आपल्या जिल्ह्यात चाललेलं आहे.

वाकाचा एक तोटाही आहे. बरणीत फार दिवस राहिलेला शेंगदाणा खवट का लागतो? ऑक्सिजनने वाकांच्या जागी साखळ्या तोडल्या आणि वासट तुकडे तयार झाले, म्हणून. हातसडीचा तांदूळ पांढऱ्या तांदळापेक्षा लवकर खवटतो, कारण त्याच्यावर तेलाचा तो थर शिल्लक असतो.

तीन साखळ्या, एक थेंब

सुट्या साखळ्या पेशीत फिरू देणं धोक्याचं असतं. म्हणून पेशी तीन साखळ्या घेते आणि ग्लिसरॉल नावाच्या तीन कार्बनच्या रेणूला बांधते. झाला तेलाचा एक रेणू! साखळ्या तिन्ही १८ कार्बनच्या असतील तर हिशेब करा: अठरा त्रिक चोपन्न, अधिक ग्लिसरॉलचे तीन. सत्तावन्न कार्बन. आणि हे सत्तावन्नही कधी ना कधी हवेत होते, हे विसरू नका.

असे असंख्य रेणू एकत्र येऊन बारीक थेंब होतात. एक थेंब मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. प्रत्येक थेंबाभोवती खास प्रथिनांचं आवरण असतं, म्हणून थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. बी वाळलं, पुन्हा भिजलं, तरी थेंब वेगळेच राहतात. हे महत्त्वाचं आहे, कारण छोट्या छोट्या थेंबांतलं तेल बाळाला पटकन वापरता येतं. घाण्याची लाट फिरते तेव्हा पेशी फुटतात, हे थेंब एकत्र होतात आणि तेल वाहू लागतं. मागे उरते ती पेंड. तिच्यात प्रथिनं भरपूर, म्हणून ती गुराढोरांना घालतात.

आणि बी घाण्यात न जाता शेतात पेरलं तर? पाऊस पडतो, बी भिजतं, कोंब जागा होतो. साखळ्या ग्लिसरॉलपासून सुटतात आणि दिंडी उलटी मोडू लागते, तीही जोडीजोडीनेच. दोन-दोन कार्बन निघत जातात आणि बी त्यांची पुन्हा साखर बनवतं! मेदाम्लाच्या या साखळ्यांपासून साखर करणं तुमच्या-माझ्या शरीराला जमत नाही. एका इवल्या तिळाला जमतं. त्या साखरेवर मूळ खाली जातं, कोंब वर येतो, पानं उघडतात आणि मग ती हवेतला नवा कार्बन पकडायला मोकळी होतात.

करून पाहा

मोठ्यांना विचारून तीन छोट्या, स्वच्छ, कोरड्या बाटल्या घ्या. एकीत खोबरेल, दुसरीत शेंगदाण्याचं आणि तिसरीत करडईचं तेल दोन-दोन चमचे घाला. बाटल्यांवर नावं लिहा आणि एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा. मग बाहेर काढून लगेच उजेडात धरा. खोबरेल दगडासारखं घट्ट झालेलं असेल. शेंगदाण्याचं तेल गढूळ किंवा दाटसर दिसेल. त्या २०, २२, २४ कार्बनच्या सरळ साखळ्या एकमेकींना खेटायला लागल्या आहेत! करडईचं तेल मात्र नितळ असेल.

आता घरातल्या तेलाच्या पिशवीवरचा तक्ता वाचा. ‘सॅच्युरेटेड’ म्हणजे सरळ साखळ्या, ‘मोनोअनसॅच्युरेटेड’ म्हणजे एक वाक आणि ‘पॉलिअनसॅच्युरेटेड’ म्हणजे दोन किंवा जास्त वाक. प्रत्येकापुढचा आकडा वहीत लिहून घ्या. शेजारी, मावशी, आत्या यांच्या घरी वेगळं तेल वापरत असतील तर तेही आकडे उतरवा. कोणतं तेल फ्रिजमध्ये सगळ्यांत आधी गोठेल, याचा अंदाज आधी लिहा आणि मगच बाटली आत ठेवा. अंदाज चुकला तर जास्तच छान: ते तेल कोणत्या बीचं आहे, त्याच्या साखळ्या किती लांब आणि किती वाकलेल्या आहेत, हे शोधायला तुम्हाला नवं कारण मिळालं!